न्या. भूषण गवई यांच्यावर गावच्या वाचनालयात फलक लावायचा आहे, काय लिहावं?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. दारापूर आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळं गवई घराण्याचं नाव लहानपणापासून कानावर आहे. दादासाहेब म्हणजे रा. सू. गवई दारापूरचे. विधान परिषदेचे उपसभापती, अमरावतीचे खासदार, बिहार, सिक्कीम आणि केरळचे राज्यपाल. आणि त्यांचे चिरंजीव भूषण गवई १४ मे २०२५ ला देशाचे ५२वे सरन्यायाधीश झाले, २३ नोव्हेंबरला निवृत्त झाले.

गावातल्या पोरांनी वर्गणी काढली आहे. २६ जानेवारीला वाचनालयाच्या भिंतीवर त्यांच्या कारकिर्दीचा फलक लावायचा. पेंटर ठरला, जागा ठरली, मजकुरावर घोडं अडलं. वाचनालयातली जुनी मंडळी म्हणतात, फोटो, नाव, पदं आणि तारखा लिहा, झालं. पण नुसत्या पदांची यादी लावली तर पोरं फोटोखालून निघून जातील. आठवी-दहावीच्या पोराला त्यातून दोन गोष्टी कळाव्यात. एक, अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात वाढलेला, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा तिथवर कोणत्या वाटेनं गेला. दोन, खुर्चीवर बसून त्यांनी केलं काय.

पहिल्या भागात जन्म (२४ नोव्हेंबर १९६०, अमरावती) आणि शिक्षण, दुसऱ्यात वकिली आणि न्यायाधीशपद. तिसरा भाग मोकळा ठेवला आहे. तिथं काय लिहावं ते सांगा.

खारपानी
लय चांगलं काम करून राहिले भाऊ. मी २५ जुलैले दारापूरले गेलो होतो. दादासाहेबांचा दहावा स्मृतिदिन होता त्या दिवशी. त्यांच्या नावाच्या प्रवेशद्वाराचं भूमिपूजन झालं. पानीपावसाचे दिवस, चिखल, तरी आजूबाजूच्या खेड्यातून मानसं आले. म्हाताऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी साहेबांनी सांगून टाकलं की निवृत्तीनंतर सरकारचं कोनतंच पद घेनार नाही. घरचा मानूस सरन्यायाधीश झाला म्हनून जमलेल्या लोकाईपुढं, आपल्या बापाच्या गावात हे सांगितलं. तिसऱ्या भागात हेच लिहा, मोठ्या अक्षरात.

त्याच दौऱ्यात दर्यापूरच्या नव्या कोर्ट इमारतीचं उद्घाटन बी झालं. खुर्ची डोक्यात जाऊ देऊ नका, असं त्यांनी न्यायाधीश आन अधिकाऱ्यांले तिथं बजावलं.

गणेशभक्त_वाशिम
छान धागा. वाचतोय.

बाररूम
मी तालुका कोर्टात वकिली करतो. दुसऱ्या भागाबद्दल सांगतो, कारण तिथं लोक नेहमी घाई करतात. "वकील झाले, मग न्यायाधीश झाले" एवढ्या एका ओळीत आटोपतात. गावातल्या पोरांना वाटतं, कलेक्टरसारखी परीक्षा दिली की माणूस हायकोर्टाचा न्यायाधीश होतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टासाठी परीक्षा असते हे खरं. पण वकिलीतून थेट हायकोर्टात जाणाऱ्याची परीक्षा रोज कोर्टातच होते, वर्षानुवर्षं.

१६ मार्च १९८५ ला त्यांनी वकिली सुरू केली. आधी बॅ. राजा भोसले यांच्या हाताखाली. भोसले राज्याचे माजी महाधिवक्ता आणि हायकोर्टाचे माजी न्यायाधीश. ज्युनिअर म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. सकाळी चेंबर उघडायचं, फाइलीची पानं लावायची, जुने निकाल शोधायचे, साहेब उभे राहिले की मागून अचूक पान पुढं करायचं. नाव साहेबांचं होतं, पण घडण ज्युनिअरची होते.

१९८७ ते ९० मुंबई हायकोर्टात स्वतंत्र वकिली, त्यानंतर मुख्यतः नागपूर खंडपीठ. नागपूर महापालिका, अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ सहायक सरकारी वकील, आणि १७ जानेवारी २००० पासून नागपूर खंडपीठात मुख्य सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ ला अतिरिक्त न्यायाधीश, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी अशा चारही ठिकाणी बसले. २४ मे २०१९ ला सुप्रीम कोर्ट.

म्हणजे अठरा वर्षं वकिली, साडेपंधरा वर्षं हायकोर्ट, सहा वर्षं सुप्रीम कोर्ट, आणि त्यानंतर सहा महिने सर्वोच्च खुर्ची. फलकावर हा हिशोब द्या. पोरांना कळू द्या की त्या सहा महिन्यांच्या मागं जवळपास चाळीस वर्षांचं काम आहे.

इतिहासवेडा
बाररूम, उत्तम. दोन गोष्टी मजकुरात येणार नाहीत याची काळजी घ्या, कारण दोन्ही व्हाट्सॲपवर फिरत आहेत.

"पहिले दलित सरन्यायाधीश" लिहू नका. पहिले के. जी. बालकृष्णन, २००७ ते २०१०. गवई साहेब दुसरे, आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश.

"विदर्भाचे पहिले सरन्यायाधीश" हेही लिहू नका. शरद बोबडे साहेब नागपूरचे, ४७वे सरन्यायाधीश, नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१. त्यांचे वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता होते. त्याही आधी एम. हिदायतुल्ला. जन्म लखनौचा, पण शिकले नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि वकिली केली नागपुरात. मध्यप्रांत-वऱ्हाडचे महाधिवक्ता, नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायाधीश, १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर हंगामी राष्ट्रपतीही होते, पुढं उपराष्ट्रपती झाले.

नागपूरला स्वतःचं हायकोर्ट होतं हे आता किती जणांना आठवतं? जानेवारी १९३६ मध्ये ते स्थापन झालं. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची ती दगडी इमारत त्याच हायकोर्टासाठी बांधली, १९४० मध्ये तिचं उद्घाटन झालं. सुप्रीम कोर्टात गेलेले न्या. विवियन बोस तिथलेच. पुढं राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाच्या वाट्याला खंडपीठ आलं. चंद्रपूरचे विकास सिरपूरकर साहेबही सुप्रीम कोर्टात गेले. गवई साहेबांना या रांगेत उभं केलं तर फलक फक्त एका माणसाचा न राहता अख्ख्या विदर्भाचा होईल.

खारपानी
इतिहासवेडा भाऊ, फलक चार बाय सहाचा आहे, गावची वेस नाही 😀

मामातलाव
मी भंडारा जिल्ह्यातला, धानपट्ट्यातला. तुमच्या तिसऱ्या भागासाठी एक निकाल सुचवतो. वऱ्हाडातल्या लोकांना तो कदाचित माहीत नसेल, कारण तो तुमच्याकडं लागूच नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचाच तो प्रश्न. झुडपी जंगल.

आमच्या गावात सातबारा काढला की कित्येक गटांवर "झुडपी जंगल" अशी नोंद दिसते. जागेवर जाऊन बघा तर मुरमाड जमीन, पळसाची, बोराटीची झुडपं आणि चरणारी ढोरं. मालगुजारीच्या काळापासून गावाच्या निस्ताराची, म्हणजे चराई-सरपणाची जमीन ती. पुढं तिच्यावर शाळा झाली, स्मशानभूमी झाली, घरकुलं झाली, पाण्याची टाकी झाली. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, की कागदावर जंगल म्हणून नोंद असलेली जमीन जंगलच धरायची. तिथून आमची कोंडी सुरू झाली. शाळेला एक खोली वाढवायची म्हटलं तरी पटवारी सातबाऱ्यावर बोट ठेवायचा. घर आजोबानं बांधलेलं, राहतो नातू, पण कर्जाला गेला की बँक म्हणते जमीन वनाची आहे.

२२ मे २०२५ ला, सरन्यायाधीश होऊन आठवडा झाला होता, तेव्हा गवई साहेब आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठानं यावर निकाल दिला. सुमारे ८६ हजार हेक्टरचा प्रश्न होता. कोर्टानं स्पष्ट सांगितलं की झुडपी जंगल हे वनच आहे. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर वाटप केलेल्या जमिनी वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्यानं केंद्राकडं मंजुरी मागावी, आणि अशा प्रकरणांत पर्यायी वनीकरणाची किंवा मोबदल्याची अट घालू नये, असाही मार्ग दिला. आमच्या गावातल्या शाळेचा आणि स्मशानभूमीचा जीव त्यामुळं भांड्यात पडला.

वनराई_गोंदिया
मामातलाव, अर्धी बाजू सांगितली. त्याच निकालात हेही आहे की तीन हेक्टरांपेक्षा लहान, जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत आणि तिथं पुन्हा अतिक्रमण होऊ देऊ नये. १९८० नंतर व्यापारासाठी झालेल्या वाटपांना आणि अतिक्रमणांना सूट नाही. मी या निकालाच्या बाजूचा आहे तो त्यामुळंच. घरकुलवाल्या गरिबाची ढाल पुढं करून कितीतरी लोक प्लॉट पाडायला टपले होते. वाघाचे येण्याजाण्याचे मार्ग याच झुडपांतून जातात. मोठं जंगल एकीकडं, दुसरं जंगल दुसरीकडं, मधली ही झुडपंच त्यांना जोडतात.

मामातलाव
वनराई, मान्य. जंगल जायला नको हे माझंही म्हणणं आहे. पण १९९६ नंतर ज्याला सरकारनंच रीतसर पट्टा दिला त्या गरिबाचं काय? त्याच्यासाठी निकालात सरळ सूट नाही, प्रत्येक प्रकरणात कोणी आणि का वाटप केलं ते तपासलं जाणार. दोष पट्टा देणाऱ्या अधिकाऱ्याचा आणि हेलपाटे पट्टा घेणाऱ्याला. एवढं माझं दुखणं आहे, आणि ते मी निकालाचा आदर ठेवून मांडतो.

सरपंचीण
मी ग्रामपंचायतीत आहे, त्यामुळं मला वेगळा निकाल महत्त्वाचा वाटतो. १३ नोव्हेंबर २०२४ चा, बुलडोझरचा. गवई साहेब आणि न्या. विश्वनाथन. आरोपीचं घर आहे म्हणून पाडता येणार नाही, कारण गुन्हा कोणी केला हे ठरवणं कोर्टाचं काम आहे, प्रशासनाचं नाही. घर पाडायचंच असेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं आणि घरावरही चिकटवायची, म्हणणं ऐकून घ्यायचं, कारणं लिहून आदेश काढायचा, आदेशानंतरही पंधरा दिवस थांबायचं, पाडताना व्हिडिओ काढायचा. नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई.

रस्ता, फूटपाथ, नदी-नाला, रेल्वेमार्ग यांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, हेही लोकांना सांगावं लागतं. आमच्याकडं नाल्यात भिंत बांधून बसलेले एक गृहस्थ मोबाइलवर हाच निकाल दाखवत होते. त्यांना पुढचा परिच्छेद वाचून दाखवला.

घर एका माणसाचं नसतं. त्यात म्हातारी असते, लेकरं असतात, चूल असते. त्यांचा काही गुन्हा नसतो. हे देशाच्या सर्वोच्च कोर्टानं लिहून ठेवलं, याचा मला फार आधार वाटतो. हा निकाल फलकावर यायलाच पाहिजे.

नीळी_पाखरं
मी बौद्ध आहे, अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातला. साहेब सरन्यायाधीश झाले त्या दिवशी आमच्या वस्तीत विहारात लाडू वाटले. आई रडत होती. अभिमान किती आहे ते शब्दांत सांगता येत नाही.

तरीही १ ऑगस्ट २०२४ च्या निकालातलं त्यांचं मत मला पटलेलं नाही. अनुसूचित जातींत उपवर्गीकरण, म्हणजे आरक्षणासाठी आतले वेगळे गट, करता येईल, असं सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक असं ठरवलं. गवई साहेबांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात त्यापुढं जाऊन क्रीमी लेयर, म्हणजे पुढं गेलेला वर्ग, शोधून आरक्षणातून वगळण्याचं धोरण राज्यानं करावं, असं म्हटलं. आमच्याकडं एका घरात एक जण शिक्षक झाला म्हणून जात पुसली जात नाही. त्याच शिक्षकाला आजही काही गावांत भाड्यानं खोली मिळत नाही. आरक्षण हा गरिबी हटावचा कार्यक्रम नाही, असं मला ठामपणे वाटतं. फलकावर हा निकाल घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण घालायचा तर आमच्या समाजात त्यावर मतभेद आहेत हे दडवू नका.

डफडं_वाजलं
नीळी पाखरं भाऊ, तुमचा आदर ठेवून सांगतो. मी मातंग आहे, बुलडाणा जिल्ह्यातला. आमच्या तालुक्यात आमच्या समाजातून पहिल्या श्रेणीचा अधिकारी झालेला मी पाहिला नाही. दोष तुमच्या समाजाला देत नाही. बाबासाहेबांची हाक तुम्ही आधी ऐकली, शिकलात, कष्टानं पुढं गेलात. पण मागं राहिलेल्याला वेगळी जागा ठेवा म्हटलं तर त्याला फूट पाडणं म्हणू नये. मोठ्या अधिकाऱ्याचं पोर आणि खेड्यात मजुरी करणाऱ्याचं पोर एका रांगेत उभं करणं ही समानता नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ आहे. हे त्याच समाजातून वर गेलेल्या माणसानं लिहिलं. त्याला किती टीका सोसावी लागणार हे माहीत असून लिहिलं. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हे सर्वांत धाडसाचं काम.

नीळी_पाखरं
डफडं भाऊ, उपवर्गीकरणावर तुमच्याशी बोलता येईल, आकडेवारी समोर ठेवून. क्रीमी लेयरवर मी माझ्या जागी ठाम आहे. पण धाडसाचं म्हणता ते खरं. टाळ्या आपल्याच लोकांच्या हव्या असत्या तर त्यांनी ते लिहिलं नसतं.

बाररूम
एक स्पष्टीकरण, नाहीतर गैरसमज पसरतो. त्या निकालानं उपवर्गीकरण नाकारणारा २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला आणि राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा मिळाली. क्रीमी लेयर मात्र लागू झालेला नाही. ते न्यायाधीशांचं मत आहे, कायदा नाही. त्याच महिन्यात केंद्र सरकारनंही सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींसाठी घटनेत तशी तरतूद नाही. फलकावर लिहिताना शब्द जपून वापरा.

एलएलबी_तिसरं_वर्ष
माझाही एक निकाल. २० मे २०२५. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. सरन्यायाधीश गवई, न्या. मसीह आणि न्या. विनोद चंद्रन यांचा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. बाबा कास्तकार आहेत, पऱ्हाटी आणि तूर. माझं ठरलं होतं, पदवी झाली की लगेच परीक्षा. आता आधी तीन वर्षं काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं.

कोणी म्हणेल त्यात काय. तालुक्याच्या कोर्टात नव्या ज्युनिअरला पहिल्या वर्षी बसभाड्यापुरते पैसे मिळाले तरी खूप. मुलाला घरचे थांबू देतात. मुलीला विचारतात, पदवी झाली, आता किती दिवस? मला न्या. गवईंबद्दल मनापासून आदर आहे, पण हा निकाल माझ्यासारखीला जड जातो.

बाररूम
ताई, तुमची अडचण खरी आहे. कोर्टाची बाजूही ऐका. पंचविशीतला नवा न्यायाधीश पहिल्याच दिवशी जामिनाच्या अर्जावर, वहिवाटीच्या रस्त्याच्या वादावर निर्णय देतो. ज्यानं पक्षकाराला तारीख पे तारीख फिरताना पाहिलेलं नाही, त्याला ती फाइल म्हणजे नुसता कागद. धुऱ्याच्या भांडणात दोन भाऊ कोर्टाच्या पायरीवर एकाच डब्यातली भाकर खातात आणि आत जाऊन एकमेकांविरुद्ध शपथेवर सांगतात. हे पाहिलेलं असावं लागतं.

तीन वर्षं सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यापासून, तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासूनच मोजतात. न्यायाधीशांकडं लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. जिल्हा किंवा हायकोर्टात तसं काम मिळतं का ते बघा, त्यात मानधन असतं.

एलएलबी_तिसरं_वर्ष
सनद तात्पुरती असली तरी मोजतात हे माहीत नव्हतं. मग निकाल लागल्याबरोबर नोंदणी करते. पण सर, ज्युनिअरला मानधन द्यायची सक्ती बार कौन्सिलनं का करू नये? तीन वर्षांची अट घालायची तर त्या तीन वर्षांचं पोटही बघायला नको का?

खारपानी
पोरगी बराबर बोलली.

सरपंचीण
+१. वकील साहेबांनी याचं उत्तर द्यावं.

बाररूम
देतो. माझ्याकडं येणाऱ्या ज्युनिअरला मी महिन्याला ठरलेली रक्कम देतो. सक्ती व्हावी याच मताचा मी आहे.

दिग्रसकर
मूळ विषय सन्मानाचाही होता ना? साहेबांना पद्म वगैरे मिळालं तर फलकावर जागा ठेवा. २०२५ मध्ये माजी सरन्यायाधीश खेहर यांना पद्मविभूषण मिळालं होतं.

इतिहासवेडा
मिळालं तर आनंदच. पण तेव्हाही नावाच्या आधी "पद्म…" लावून लिहू नका. घटनेच्या कलम १८ नं किताब रद्द केले आहेत, आणि पद्म पुरस्कार नावापुढं-मागं लावायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टानंच १९९५ मध्ये सांगितलं आहे. न्यायाधीशाच्या फलकावर कायद्याची पायमल्ली नको.

मला सन्मानाची खरी गोष्ट वाटते ती १८ मे २०२५ ची. सरन्यायाधीश झाल्यावर ते पहिल्यांदा महाराष्ट्रात आले, मुंबईत बार कौन्सिलनं सत्कार ठेवला होता. राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त हजर नव्हते. साहेबांनी व्यासपीठावरून शांतपणे ते बोलून दाखवलं. मुद्दा मानपानाचा नाही, घटनेच्या एका स्तंभानं दुसऱ्याचा आदर ठेवण्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. तिथून ते चैत्यभूमीला गेले तेव्हा अधिकारी पोचले होते.

नीळी_पाखरं
आणि ६ ऑक्टोबर. भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं बूट फेकायचा प्रयत्न केला. आमच्या वस्तीत त्या रात्री लोकांना जेवण गेलं नाही. साहेबांनी विचलित न होता पुढचं प्रकरण ऐकायला घेतलं. स्वतः त्या माणसावर गुन्हा दाखल करायचा आग्रहही धरला नाही. माझा राग अजून गेलेला नाही, पण त्यांचं ते पुढची फाइल घेणं मी माझ्या पोराला सांगितलं.

पेंटरबाबू_मूर्तिजापूर
मजकूर तुमचा, अनुभव माझा. पाच बोटं रुंदीची पट्टी "सौजन्य" म्हणून सोडायला लावतात आणि मग त्यात वर्गणीदारांची नावं मूळ माणसापेक्षा मोठी होतात. एका गावात तर सौजन्याचं नाव बघून लोक विचारायचे, हे कधी वारले? पूर्णाकाठ भाऊ, वर्गणीची नावं वहीत ठेवा. अक्षर दोन इंचांपेक्षा लहान करू नका, वाचनालयात म्हातारे लोकही येतात. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं लांबून उठून दिसतात. पिवळा रंग उन्हानं लवकर जातो.

भामरागडी
उशिरा आलो. रेंज नव्हती. एक वाक्य माझ्याकडून. त्यांच्याच काळात १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. तिथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं होतं. खेड्यातल्या माणसाला मुंबईचा हेलपाटा वाचला. आमच्याकडून नागपूर खंडपीठ तीनशे किलोमीटरच्या वर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पलीकडं जाताच येत नाही, तारीख तर दूरच. कोर्ट माणसाच्या जवळ आणणं हे मोठं काम आहे. ते लिहा.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री वाचनालयात बसून धागा मोठ्यानं वाचला. जुनी मंडळीही होती. झुडपी जंगलाची चर्चा ऐकून आमच्याकडचे एक काका म्हणाले, हे आपल्याला लागू नाही, काढा. तेवढ्यात दुसऱ्यांनी सांगितलं की त्यांची लेक साकोलीला दिली आहे आणि जावयाचं घर त्याच जमिनीवर आहे. ती ओळ राहिली.

तिसऱ्या भागात पाच गोष्टी घेतोय. बुलडोझर निकाल, नोटिशीच्या पंधरा दिवसांसह. झुडपी जंगल, दोन्ही बाजूंसह. उपवर्गीकरण, आणि त्याखाली "या निकालातील क्रीमी लेयरविषयीच्या मतावर समाजात मतभेद आहेत" अशी सरळ ओळ. तीन वर्षांच्या वकिलीची अट. आणि निवृत्तीनंतर सरकारी पद न घेण्याचा निर्णय, दारापूर, २५ जुलै २०२५. कोल्हापूर बेंचची ओळ दुसऱ्या भागात कारकिर्दीत बसते. बोबडे आणि हिदायतुल्ला यांची नावं तळाला एका ओळीत येतील. सौजन्याची पट्टी रद्द.

एक विचारायचं राहिलं. एलएलबी ताई, २६ जानेवारीला आमच्याकडं येऊन आठवी ते दहावीच्या पोरांशी अर्धा तास बोलाल का? न्यायाधीश व्हायला निघालेली खेड्यातली मुलगी पोरींनी समोर बघावी अशी इच्छा आहे. यवतमाळहून यायचा खर्च वाचनालय करेल.

एलएलबी_तिसरं_वर्ष
येते. पण तीन वर्षांच्या अटीबद्दल माझं मत तिथंही सांगणार.

पूर्णाकाठ
सांगाच. बाररूम साहेब, तुम्हीही या, तिथं उत्तर द्यायला.

बाररूम
२६ ला कोर्टाला सुटी आहे. झेंडावंदन झालं की निघतो, अकरापर्यंत पोचेन.